गोदीला आवतण

आवतणकाकांना त्यांची बायको वारल्याची बातमी मी एका दिवसात चार वेळा दिली. गोदाकाकू जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

खालापूरच्या अलीकडच्या आमच्या गावात त्या काळी लग्नाचं आवतण पत्रिकेनं जात नसे, तोंडानं जाई. ते द्यायचा मान काकांचा. दुसरा कुणी असता तर दारात उभा राहून ‘लग्न हाय, या’ म्हणून मोकळा झाला असता. काका थोरल्यापासून पाळण्यातल्यापर्यंत एकेकाचं नाव घेत. “घराला बोलावलं तं भिंती येतील,” म्हणत, “मान्साला नावानं बोलवावं.” नाव राहिलं म्हणून रुसून बसलेली सासू त्यांच्या अमदानीत गावानं पाहिली नाही.

म्हातारपणी त्यांच्या तोंडून आधी वस्तूंची नावं गेली. छत्री ‘पावसाची ती’ झाली, तांब्या ‘प्यायचं’ झाला. माणसांची नावं मात्र शाबूत. म्हणून माझ्या बहिणीच्या लग्नाचं आवतण त्यांच्याकडंच सोपवलं. घरचे म्हणाले, तू सोबत जा. मी कचेरीत कागदांच्या नकला करणारा कारकून. दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवायलाच आपण जन्मलो अशी माझी समजूत. गेलो.

पहिल्याच दारात काकांनी घेतलेल्या नावांपैकी तीन माणसं पटकीच्या साथीत गेलेली. नावं सगळी बरोबर होती, कोण उरलंय तेवढंच ते विसरले होते. मी दुरुस्तीला तोंड उघडलं, पण घरच्या म्हातारीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याचं नाव ऐकून तिनं डोक्यावर पदर घेतला. “येतील,” म्हणाली, “सांगते त्यान्ला.” पुढं प्रत्येक दारात तेच. कुठं गेलेल्याच्या वतीनं सून ‘येतील’ म्हणे, कुठं नातू. भर दुपारच्या उन्हात आम्ही दोघंच चाललो होतो, पण प्रत्येक दारानंतर मागची पावलं वाढताहेत असं मला वाटू लागलं. मी दोनदा वळून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहायची हिंमत झाली नाही.

फिरता फिरता काका स्वतःच्याच दारात उभे राहिले. “गोदे, परवा लग्न हाय गं. तू यायचं, सूनबाईनं यायचं.”

“येतो हां,” आतून सून म्हणाली.

एवढ्यावर भागत होतं. पण मी म्हणालो, “काका, काकू कुठल्या येतात आता? त्या गेल्या.”

“कवा?”

“सहा वर्षं झाली.”

ते उंबऱ्यावर बसले. “आनि मला कुनी सांगितलं नाय?” मग रडले. सहा वर्षांपूर्वी रडले होते तसेच, नव्यानं. सुनेनं पाणी दिलं. पाणी पिऊन ते विसरले, उठले आणि पुन्हा गोदीला हाक मारली. मी पुन्हा सांगितलं. सून डोळ्यांनी नको म्हणत होती. पण खरं किती वेळा सांगितलं की डोक्यात बसतं, ते मला पाहायचं होतं. चौथ्यांदा ते रडले नाहीत. काठी घेऊन मुकाट आत गेले. उरलेली आळी मी एकटा फिरलो आणि जिवंत माणसांपैकी पाच जणांची नावं विसरलो.

काकांना लग्नाला आणलं, पण ते कुणालाच नावानं हाक मारेनात. पंगतीत काही पानांपुढं माणूसच नव्हता. तिथंही भात वाढला जात होता, आणि हातात वरणाची बादली असून मी काही विचारलं नाही. वरण वाढत गेलो. काकांनी मात्र आपल्या पानाला बोट लावलं नव्हतं. मी वाकून म्हणालो, “काका, जेवा ना. काकू पलीकडं बायकांत बसल्यात.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नजरेत ओळख नव्हती.

“ती मेली,” ते म्हणाले आणि पान पुढं सरकवलं.

मागं त्यांची सून भात घेऊन उभी होती. “आता कशाला खोटं बोलता, भावजी?” ती म्हणाली. “सोताचं नाव इसरले ते. तुमी शिकवलं तेवढंच राह्यलंय.”