रडल्यावरच सांगायचं होतं

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी मी बाई नाही. धाड गावातल्या आमच्या घरात पापडांपासून बियाण्यापर्यंत सगळ्याची माझी यादी असते. यादीत न बसणाऱ्या गोष्टींना मी वेळ देत नाही. पण ही एक गोष्ट... वाचा आणि तुम्हीच ठरवा.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. सकाळी अंगणात मिरच्या वाळत घालताना एक कावळा माझ्या डोक्यावर बसला. आमच्याकडे हा मरणाचा अपशकुन — आणि त्याचा उपायही ठरलेला. ज्याच्या डोक्यावर कावळा बसला, त्याच्या मरणाची खोटी बातमी त्याच्या जवळच्या नातेवाइकाला पाठवायची. तो रडला की मरण टळतं. मग त्याला खरं सांगायचं.

"त्याले बसाले दुसरी जागा नसल, आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं.

"तू तुह्या याद्या कर. हे काम माहं हाय."

मी नको नको म्हणत असताना त्यांनी चुलतदीर किसनरावांना पहिल्या एसटीनं धामणगाव बढ्याला माझ्या दादाकडे पाठवलं. तो रडल्याशिवाय खरं सांगायचं नाही, असं दोनदा बजावून.

दुपारी भांडी आवरून बाहेर आले, तर ओट्यावर दादा बसलेला. मांडीवर हिरवी साडी. आणि तो रडत होता... आमचे आई-वडील गेले तेव्हाही ज्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, तो माझा दादा.

मला वाटलं, किसनरावांचं खरं सांगायचं राहून गेलं. मी त्याच्या पुढ्यात बसले, म्हटलं, मी हाय ना दादा, हे सगळं कावळ्यापायी. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यातून आरपार, घराच्या दाराकडे पाहत राहिला. सासूबाई धावत आल्या. "अजी, हे पाहा, जिती हाय तुमची बहीण." त्यांच्याकडेही लक्ष नाही.

"मले न सांगता गेली वं बाई," तो म्हणाला आणि साडी उंबऱ्यावर ठेवली.

मी पाणी आणायला आत गेले. परत आले तर ओटा रिकामा.

दिवेलागणीला किसनराव एकटेच परतले. अंगणातच खाली बसले.

"वैनी, मी वाट पाहत राह्यलो... तो रडलाच नाही. बहिणीले माहेरची साडी न्या लागते म्हणे, अन् उठून दुकानात गेला. तिथंच पायरीवर पडला, दुपार व्हाच्या आधीच गेला."

म्हणजे दादा आमच्या ओट्यावर येण्याच्या कितीतरी आधी संपला होता. दुकानदारानं हिरवी साडी त्याच्या हातात दिली होती, पण ती मागून तिथं कुणाला सापडली नाही. ती माझ्या पेटीत आहे.

मी पुष्कळ जुळवून पाहिलं. जुळत नाही. मला भास झाला म्हणावं, तर सासूबाईंनीही पाहिलं. आणि साडी तर हाताला लागते.

उपाय मात्र लागू पडला. मी ठणठणीत आहे. मी गेले असं समजूनच दादा गेला... तो तिकडे मला शोधत असेल आणि मी इथं दर उन्हाळ्यात मिरच्या वाळवते.

माझ्या मागं काय काय करायचं, याचीही यादी मी करून ठेवली आहे. पहिल्या ओळीत ती साडी, मला नेताना अंगावर घालायची — त्याला ओळख पटावी म्हणून. पण तोवर मी जिवंत आहे हे त्याला कोण सांगणार?