पाठीवरची माती

बायकोनं माझी पाठ शेवटची चोळली, तेव्हाही तिचा हात डाव्या खांद्यावर थांबला. "इथं अजून माती हाय," म्हणाली. कुस्ती सोडून मला पन्नास वर्षं झालेली. "म्हातारे, ती कातडी हाय." "मला सांगू नका," म्हणाली. त्याच दुपारी बसल्या जागी गेली.

निजामाच्या अमलात मी पैलवान होतो. म्हणजे पडायचो. नवी पोरं मुद्दाम माझ्याशी जोड मागायची, सुरुवात तरी चांगली व्हावी म्हणून. आमचे वस्ताद मुसलमान, जिभेचे तिखट. म्हणायचे, "तू गिरता बहुत अच्छा है, दूसरों को सिखा."

बायका आखाड्याकडं फिरकत नसत. तीही कधी आली नाही. मी घरी आलो की जिंकलात का हरलात, विचारायची नाही. दारातच मला उलटं फिरवायची, पाठ बघायची आणि पाणी तापवायला घालायची.

एका वर्षी वस्तादांनी बजावलं, सोनारीच्या जत्रेत पडलास तर लंगोट कायमचा खुंटीला. मी तोंड पाडून पाठ चोळून घेत होतो. ती म्हणाली, "माती दर खेपंला डाव्या खांद्यालाच जास्ती असती. तुमचा डावा पाय आधी सुटतोय."

"तू आखाडा कधी बघितलास?"

"पाठ बघती की."

वस्तादांच्या कधी ध्यानात आलं नाही ते हिनं न्हाणीत बसून ओळखलं. दुसऱ्या दिवशी तिनं खोंडाचं दावं माझ्या कमरेला बांधलं. "पाय हलवायचा न्हाय." खोंडानं मला थेट उकिरड्यात नेलं. ती हसून हसून खाली बसली, मग उठून पुन्हा दावं बांधलं. दोन महिन्यांनी खोंड दमायला लागलं.

सोनारीला जोड लागली ईटच्या पैलवानाशी. ईट तिचं माहेर. निघताना म्हणाली, "माझ्या गावचा हाय, लई लागू देऊ नका त्याला." माझ्यामुळं आजवर फक्त मातीला लागलं होतं.

त्यानं ओढलं. मला खोंड आठवलं. त्यानं पुन्हा ओढलं, आणि स्वतःच्याच जोरानं उताणा झाला. वर मी. लोक ओरडायला लागले. मला काही कळेना. सवयीनं उठलो, पाठ झटकली आणि घराकडं निघालो. वस्ताद बक्षिसाचा फेटा घेऊन मागं धावले. "अबे, जीता है तू."

घरी फेटा बांधूनच गेलो. तिनं फेट्याकडं बघितलंच नाही. उलटं फिरवलं. पाठ कोरडी, स्वच्छ. तिनं नेहमीसारखं पाणी तापवायला घातलं. मग म्हणाली, "माती न्हाय म्हणून काय झालं, बसा." आणि डावा खांदा आधी चोळला.

तिला पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत बसलो. पोरगा पाठ चोळायला आला. त्याला परत पाठवलं. माझा हात डाव्या खांद्यामागं पोचत नाही. तेवढी जागा तशीच ठेवून उठलो.