साडूसारखी सलाईन

माझ्या दोन बहिणींची घरं गोहलपुरात एकाच गल्लीत आहेत. थोरल्या सुमनताईचे यजमान लक्ष्मणराव मझौलीच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. धाकट्या अंजनीचा नवरा रत्नाकर. लक्ष्मणराव कोणाचं वाईट करणारे नाहीत, पण रत्नाकरकडे आलेली गोष्ट आपल्याकडे का नाही, हा प्रश्न त्यांना लग्नापासून छळत आला. रत्नाकरने लोखंडी गेट बसवलं, तर यांनी आपलं चांगलं लाकडी फाटक काढून टाकलं.

रत्नाकरच्या किडन्या निकामी होऊन डायलिसिस सुरू झालं, तेव्हा आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो. मोठ्या जावयाची विचारपूस मागे पडली. पुढे मधुमेहाने लक्ष्मणरावांच्याही किडन्या निम्म्यावर आणल्या. ती बातमी त्यांनी मला जवळजवळ समाधानाने सांगितली.

दोघांचंही रक्त कमी झालं होतं. डॉक्टरही एकच, अवंतिका मॅडम. त्यांनी रत्नाकरला शिरेतून लोहाची सलाईन दिली आणि लक्ष्मणरावांना लोहाच्या गोळ्या. महिन्याभरात रत्नाकर जिना न थांबता चढू लागला. गोळ्यांनी लक्ष्मणरावांचं मात्र पोट बिघडलं.

"त्याले सलाईन अन् मले गोळ्या, काहून?" ते मला विचारत. मॅडमशीही वाद घालून आले. सध्या गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. मग लक्ष्मणरावांनी अंजनीकडून गप्पागप्पांत सलाईनचं नाव काढून घेतलं आणि कोणाला न सांगता दुसऱ्या दवाखान्यात जाऊन तीच घेतली. रक्त वाढलं, चालही सुधारली. मग त्यांनी ती पुन्हा घेतली, आणि पुन्हा. गोळ्यांचाच गुण आला, असं आम्ही समजत होतो.

पुढच्या पावसाळ्यात त्यांची कंबर, मांड्या, बरगड्या दुखू लागल्या. हे त्यांनी सुमनताईलाही कळू दिलं नाही. रत्नाकर चांगला हिंडतफिरत असताना आपण कण्हायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं.

महालक्ष्म्यांचं जेवण माझ्या घरी असतं. पंगत खालीच बसते. जेवणं आटोपली, सगळे हात धुवायला गेले, पण लक्ष्मणराव पानावरून उठेनात. रत्नाकरने वाकून हात पुढे केला.

"बसतो जरा. घाई कशाची?" ते म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले. खोली रिकामी झाल्यावर मी आणि सुमनताईने त्यांना काखेत धरून उठवलं. तेव्हा कुठे दुखण्याची आणि सलाईनची हकीकत बाहेर आली.

रक्त तपासलं, तर फॉस्फरस फार खाली गेला होता. मॅडमनी लक्ष्मणरावांना आणि मला समजावून सांगितलं की या जातीच्या लोहामुळे काही जणांची किडनी फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकू लागते, आणि तो कमी पडला की हाडं मऊ होतात. ती सलाईन बंद करायची, फॉस्फरस भरून काढायचा, पुढे लोह लागलंच तर दुसऱ्या जातीचं द्यायचं. हाडं सावरायला काही महिने लागणार होते.

लक्ष्मणरावांचं लक्ष तिथे नव्हतं. "रत्नाकरनं तर माझ्याआधी घेतली. त्याची हाडं बरी कशी?"

"त्यांची किडनी आता काही बाहेर टाकूच शकत नाही, अंकलजी," मॅडम म्हणाल्या. "उलट त्यांचा फॉस्फरस वाढू नये म्हणून गोळ्या द्याव्या लागतात. तुमची किडनी अजून काम करते, म्हणून तुम्हाला हा त्रास झाला."

बाहेर बाकावर रत्नाकर बसला होता. त्या दिवशी त्याचं डायलिसिस होतं. लक्ष्मणराव त्याच्या शेजारी टेकले, पिशवीतून बाटली काढून गटागटा पाणी प्यायले.

"लक्ष्मणराव, खरं सांगू?" रत्नाकर म्हणाला. "तुम्ही असं पोटभर पाणी पिता न, तेव्हा मी जळतो तुमच्यावर. मले मोजून दिलेलं पाणी दिवसभर घोट घोट करून पुरवा लागते."

तो हसत बोलला, पण नजर बाटलीवरच होती. लक्ष्मणरावांनी झाकण लावलं. निघायची वेळ झाली तेव्हा रत्नाकरने हात पुढे केला. या वेळी तो धरून ते उठले.

घरी येताच त्यांनी सुमनताईला आधी हीच गोष्ट सांगितली, रत्नाकर आपल्यावर जळतो म्हणून. मॅडमनी सांगितलेलं नंतर. आठवडाभर ते खुशीत होते. पण तेव्हापासून रत्नाकर घरी आला आणि यांना तहान लागली, तर ते उठून स्वयंपाकघरात जातात. उठायला अजून भिंत धरावी लागते.