चौकातला फ्लेक्स

मुलीच्या परेडला जायची तयारी आम्ही तीन आठवडे आधीच सुरू केली. विंटर टायर तपासून घेतले, तिथून जवळच्या ब्रॉसार्ड गावात हॉटेल बुक केलं, पाहुण्यांच्या फॉर्मवर गाडीचा नंबर लिहून पाठवला. बायकोने माझा कोट ड्रायक्लीनला दिला. कॅनडातल्या आमच्या केंब्रिजहून मॉन्ट्रियलजवळच्या त्या लष्करी तळापर्यंत गाडीने सात तास लागतात; फेब्रुवारीत नऊ धरावेत.

तीन महिने मुलगी तिथे नव्या सैनिकांच्या प्रशिक्षणात होती; परेड त्याच्या समारोपाची. रविवारी फोन हातात मिळाला की बोलायची. आवाज बसलेला असायचा. पायाची दोन नखं गेल्याचं तिने आईला सांगितलं, मला नाही. तिने तिसऱ्या वर्षात युनिव्हर्सिटी सोडली तेव्हा मी महिनाभर तिच्याशी अबोला धरला होता. ते ती विसरली नव्हती.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेत शिकलो. वडील गेले तेव्हा दादाने दहावीतून नाव काढलं आणि त्यांची पिठाची गिरणी चालवायला घेतली, म्हणून मी इंजिनिअर झालो. त्या दादाला, मुलीने शिक्षण सोडलं हे सांगायची माझी छाती झाली नाही.

दिवाळीनंतर त्याने फोनवर विचारलं, "पोरीचं काय चाललंय?"

"फेब्रुवारीत ग्रॅज्युएशन आहे."

परेडला इथे ग्रॅज्युएशनच म्हणतात. मी एक अक्षर खोटं बोललो नव्हतो. दादाने त्याचा काय अर्थ घेतला हे मात्र मला तेव्हाच कळलं होतं. मी थंडीचा विषय काढला.

निघायच्या आधीच्या रविवारी मुलीचा फोन आला. चुलतभावाने तिला एक फोटो पाठवला होता, तोच तिने आम्हाला पाठवला. गावातल्या स्टँडसमोरच्या चौकात भलामोठा फ्लेक्स. 'कॅनडात पदवीधर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मध्ये काळा गाऊन आणि चौकोनी टोपी घातलेली मुलगी. खाली शुभेच्छुक म्हणून दादाचं नाव.

"बाबा, हू इज धिस गर्ल?"

"तूच की."

"नो. दॅट्स माय हेड."

बायकोला हसू फुटलं आणि लगेच विरलं. मुलगी चिडली की इंग्रजीतच भांडते. त्या दिवशी ती सावकाश, एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "काकांना खरं सांग. नाहीतर तू येऊ नकोस. आई एकटी येईल."

सोमवारी सकाळी दादाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे गिरणी चालू होती.

"दादा, ते ग्रॅज्युएशन कॉलेजचं नाही. मिलिटरीचं आहे. कॉलेज तिनं सोडलं."

"थांब," तो म्हणाला. गिरणीची घरघर मंदावत बंद पडली. "कधी सोडलं?"

"दीड वर्ष झालं."

"आणि मला आज सांगतोस?"

"लाज वाटली."

तो म्हणाला, "मीपण शाळा सोडली होती. तेव्हा माझीही लाज वाटायची का रे तुला? हॉस्टेलवर काय सांगायचास, भाऊ काय करतो म्हणून?"

हॉस्टेलवर मी सांगायचो, भावाचा बिझनेस आहे. तेही खोटं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "तिला लढाईवर पाठवतील?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

"नाही."

"उतरवतो फ्लेक्स," म्हणून त्याने फोन ठेवला.

खरंच विचारलं नव्हतं. दीड वर्ष मी तिच्या हुकलेल्या पदवीचाच शोक करत बसलो होतो. मुलीला मेसेज केला, 'सांगितलं.' शेवटच्या आठवड्यात त्यांना रोज रात्री फोन मिळायचा. तेव्हा उत्तर आलं, 'गेट ओपन्स ॲट एट.'

निघायच्या दिवशी गाडीवरचा बर्फ खरवडत होतो तेव्हा दादाचा फोटो आला, मजकूर काहीच नाही. गिरणीच्या कोपऱ्यात गव्हाची पोती रचलेली आणि त्यांच्यावर तो फ्लेक्स, उलटा, पांढरी बाजू वर करून पांघरलेला. चेहरा आत, धान्याकडे.

"कुणाचा मेसेज?" बायकोने विचारलं.

मी फोन तिच्या हातात दिला आणि काच खरवडत राहिलो.