नवऱ्याचं नाव आठवत नाही

नात म्हणाली, बोलणं गेलेल्यांना बोलायला शिकवायचा कोर्स करते. मुलाने घर डोक्यावर घेतलं. "धड डॉक्टर नाही, धड इंजिनिअर नाही. हे काय मधलंच?" रोज कंपनीच्या बसने हिंजवडीला जाऊन त्याला जगात एकच नोकरी दिसते.

माझी बायको अर्धांगवायूने पडली तेव्हा हात-पाय हळूहळू हलायला लागले, पण बोलणं गेलं. पाणी हवं असलं की नुसतं "ते, ते" करायची. मी भलतंच काही नेऊन द्यायचो. मग दोघंही चिडायचो. आठवड्यातून एकदा तिला बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडे न्यायचो. मॅडम अगदी पोरगेलीशी. कप, कुत्रा, घड्याळ अशी चित्रं दाखवायची. एकदा माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आजी, यांचं नाव काय?"

हिने मान खाली घातली आणि पदर सारखा केला.

मॅडमने कागदावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "नवऱ्याचं नाव आठवत नाही."

माझं डोकंच फिरलं. "अहो, धडधाकट होती तेव्हा कधी घेतलं नाही, ते आता तुमच्या कागदासाठी घेईल होय?"

"आजोबा, मला तपासू द्या ना."

"तपासा की. माणूस बघून तपासा."

नात सोबत होती. ती आजीच्या कानाशी वाकली. "आजी, उखाणा घे. मंडईतली मेथी…"

"निवडते… पानोपान," ही अडखळत म्हणाली. आणि पुढे माझं नाव. स्वच्छ. रावांसकट.

मॅडमने लिहिलेलं खोडलं. पुढच्या खेपेपासून पाळणे, आरत्या, पाढे, सगळं हिच्याकडून म्हणवून घेतलं. त्यातून चार शब्द सुटे झाले. त्यातला "नको" सगळा माझ्या वाट्याला आला. पण आठवड्यातून एक दिवस पुरतो का? बाकीचे दिवस मी. चौथी पास माणूस काय शिकवणार? रोजची वेळ मागितली तर म्हणाले, माणसंच नाहीत शिकवायला. मग ही दुसऱ्या झटक्यात गेली.

ॲडमिशनचा शेवटचा दिवस उद्यावर आला तरी मुलगा ऐकेना. जेवताना म्हणाला, "आबा, तुम्हाला यातलं कळत नाही."

"नसेल कळत. तुझी आई तुला हाक मारायला तोंड वेडंवाकडं करायची, तेव्हा तू लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसायचास. पोरगी बघत होती."

तो ताटावरून उठला. सकाळी पोरीला गाडीवर घेऊन गेला आणि नाव घालून आला. माझ्याशी अजून बोलत नाही. न बोलो.

शेजारी पेढे मागतात. कसले पेढे? पोरगी शिकून तयार व्हायला वर्षं जातील. कुणाच्या तरी आजीला ती बोलतं करेल. करू दे. मला माझी हवी होती.