आवाजाला काडी लागत नाही

मुंजाजीमामांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. वंदना, भीमगीतं, रेल्वेतले नियम, सगळं ते ऐकूनच शिकले होते. पूर्णा जंक्शनला ते गँगमन होते आणि वस्तीत त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं. माणूस मायाळू, पण एकदा डोक्यात काही बसलं की अख्ख्या वस्तीनं समजावलं तरी ऐकायचा नाही. पुस्तकांवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांच्या डोक्यात असंच बसलं होतं.

ते उगीच नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. मामांचं कुटुंब तेव्हा गावाकडं होतं. धाकटा भाऊ भुजंग कॉलेजात शिकायचा, त्याची पुस्तकं पत्र्याच्या पेटीत असायची. घरं जाळायला लोक आले तेव्हा सगळे ज्वारीच्या रानात लपले म्हणून वाचले, पेटी आत राहिली. सकाळी मामांनी ती उघडली. पेटी जागेवर होती आणि आत नुसती राख. भुजंग पुन्हा कॉलेजात गेला नाही, परभणीच्या मोंढ्यात पोती उचलायला लागला. जाळणारे मात्र दुसऱ्या दिवशी पारावर बसून खुशाल विड्या ओढत होते. हे लिहिताना मला आजही संताप येतो.

पुढं मामांची मुलगी मनकर्णा दहावीला गेली. आमच्या वस्तीत रीत होती, पास झालेल्या पोरानं आपली पुस्तकं खालच्या वर्गातल्याला द्यायची. माझ्या बहिणीनं तिचा संच मनकर्णासाठी बांधून ठेवला होता. मामांनी तो हात न लावता परत पाठवला. त्यांना दुसरंच काही सापडलं होतं. शिकवणी घेणाऱ्या एका मास्तरांनी दहावीचे धडे कॅसेटवर भरून विकायला काढले होते. आता पुस्तकांचे दिवस संपले, असं ते मास्तर ज्याला त्याला सांगायचे.

"बुकं पेटतेत," मामा माझ्या वडिलांना म्हणाले. "आवाजाला काडी लागत न्हाई."

"आरं, पर दोन्ही असू दे की," वडील म्हणाले.

"एकदा जळालंय आमचं. आता न्हाई."

मनकर्णासाठी ही दहावी म्हणजे साधी परीक्षा नव्हती. मानवतच्या तात्यारावांना, म्हणजे तिच्या सख्ख्या मामांना, ती सून करून न्यायची होती. तिला नर्स व्हायचं होतं. शेवटी चार माणसांत ठरलं : पास झाली तर शिकेल, नापास झाली तर जेठात लग्न. मुंजाजीमामांनी तसा शब्द दिला.

खोटं कशाला बोलू, कॅसेटी चांगल्या होत्या. मनकर्णा भाकरी थापता थापता धडे ऐकायची. शाळेत त्या वर्षी विज्ञानाला मास्तरच नव्हता, तरी सहामाहीत ती वर्गात वरच्या पोरींत आली. मामा छाती काढून फिरले. माझ्या बहिणीचा संच तोवर दुसऱ्या एका मुलीकडं गेला होता.

सहा डिसेंबरला संध्याकाळी विहारात गाणी झाली. मामांची आई दगडाबाई वस्तीची जुनी गायिका. खोकल्यानं पार खंगली होती, तरी उठून गायली. म्हातारीचे दिवस भरत आलेत, हे सगळ्यांना दिसत होतं. मामांनी घरातून टेप आणला, हाताला लागली ती कॅसेट घातली आणि लाल बटण दाबून आईसमोर ठेवला. एक बाजू भरली तशी उलटून दुसरी लावली. मनकर्णा तेव्हा घरी स्वयंपाकात होती.

जानेवारीत दगडाबाई गेली. आधी तिच्या दुखण्यात आणि मग दुखवट्यात टेपला कुणी हात लावला नव्हता. फेब्रुवारीत मनकर्णानं विज्ञानाची कॅसेट लावली आणि घरात आजीचा आवाज घुमला. तिची आई सरजाबाई रडायला लागली. मनकर्णा घाबरून बटणं दाबत राहिली, दुसरी बाजू लावली. तिथंही आजीच.

"आबा, धडे कुठं गेले?"

"आसतील की त्याच्या खाली," मामा म्हणाले. "मायचं झालं की लागतेल."

"खाली काई न्हाई. आजीच्या गाण्यानं पुसून गेलं समदं."

"म्या काई पुसलं न्हाई. पाटी पुसल्याबिगर तिच्यावर दुसरं लिहिता येत न्हाई. म्या तर काईच पुसलं न्हाई."

हे ते नंतरही कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत राहिले. त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं.

मनकर्णा पुस्तकासाठी घरोघर फिरली. परीक्षा तोंडावर असताना आपलं पुस्तक कोण देतं? दुकानातही वर्षाच्या शेवटी ते उरलं नव्हतं. ते मास्तर शिकवणी बंद करून लातूरला निघून गेले होते. ती इतर विषयांत पास झाली, विज्ञानात राहिली. ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं, पण तात्याराव थांबायला तयार नव्हते आणि मामांना दिलेला शब्द मोडवेना. मला विचाराल तर तो शब्द खुशाल मोडायला हवा होता. जेठात लग्न झालं.

ती कॅसेट मामांनी जपून ठेवली. कुणी म्हटलं की आईचं गाणं लावायचे. मात्र गाणं संपायच्या आधीच त्यांचा हात बटणावर जायचा. शेवटी मास्तरांच्या धड्याचा एक तुकडा तेवढा उरला होता, तो त्यांनी कुणाला कधी ऐकू दिला नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. वस्तीत निळा गुलाल उधळला, लाडू वाटले. मनकर्णा पोरांना घेऊन मानवतहून आली होती. लोकांनी दगडाबाईचं गाणं कर्ण्यावर लावायला लावलं. गाणं संपत आलं तेवढ्यात परभणीहून भुजंग पोचला. त्यानं भावाला मिठी मारली आणि दोघं रडायला लागले. मामांचा हात बटणावर गेलाच नाही.

कर्ण्यातून मास्तरांचा आवाज आला : "आता मला सांगा, तार तुटली तर दिवा का विझतो?"

मनकर्णा लाडवांचं ताट घेऊन उभी होती. भान आलं तसे मामा धडपडत टेपकडं गेले.

"चालू द्या आबा," ती म्हणाली. "माझं ऐकायचं राह्यलंय त्ये."

मामांनी हात मागं घेतला. पण पुढं काही नव्हतंच. कॅसेटची बाजू संपली आणि बटण आपोआप वर आलं.