लोर्नाच्या खोक्याची भवानी

विषय : एका सेबुआनो शब्दाचा अर्थ मिळण्याबाबत.

संदर्भ : पुंगोल, सिंगापूर येथील आमच्या इमारतीखाली भरलेली रहिवाशांची जुन्या वस्तूंची विक्री, आणि सदर विक्रीत निम्नस्वाक्षरीकाराने लावलेले दिवे.

उपरोक्त विषयाबाबत निवेदन खालीलप्रमाणे… पण जाऊ द्या. या भाषेत सांगत बसलो तर तुमचा चहा गार व्हायचा. सरळच सांगतो. फजिती माझी आहे, तेव्हा हसायला कुणाची परवानगी काढायला नको.

पाटबंधारे खात्यातून मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर काम एकच केलं, दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांच्याखाली लाल रेघ ओढायची. आपल्या हातूनही चूक होऊ शकते, ही बाब कधी माझ्यापुढे विचारार्थ सादरच झाली नव्हती. बायको गेल्यावर मुलाकडे सिंगापूरला आलो. मुलगा आणि सून मुग्धा सकाळी आपापल्या बँकांमध्ये जातात, नात शाळेत जाते. मागे चौदाव्या मजल्यावर उरतो मी, आणि लोर्ना.

लोर्ना आमची हेल्पर. फिलिपाइन्समधल्या सेबू बेटावरची. तिची मुलगी तिकडे आजीजवळ वाढते आणि ती आजी बाजारात खारवलेली मासळी विकते. लोर्ना मला ‘आजोबा सर’ म्हणते. ‘आजोबा’ नातीकडून उचललं, ‘सर’ एजंटनं पढवलं.

सकाळची आवराआवर झाली की ती आलं घालून चहा करते आणि त्या चहावर आमचा वर्ग भरतो. ती शिक्षिका, मी विद्यार्थी. पहिल्या दिवशी मी विचारलं, तुझ्या भाषेतला कुठला शब्द आधी शिकावा? दुसऱ्या कुणी ‘आई’ सांगितलं असतं, ‘देव’ सांगितलं असतं. ही बाजारवालीची लेक. म्हणाली, “बालिग्या. मीन्स, सेल.”

झालं, भाषेत शिरलो तो थेट बाजाराच्या दारातून. विकणारी बाई ती तिंदेरा, विकणारा बुवा तो तिंदेरो, दुकान ते तिंदाहान. पालित म्हणजे विकत घेणं. बरातो म्हणजे स्वस्त. माहाल म्हणजे महाग, हा तर पाठच करावा लागला नाही. हांग्यो म्हणजे घासाघीस, पण भांडून नव्हे, हसत, जरा अजिजीनं. प्रत्येक शब्दाचा ती इंग्रजीत अर्थ सांगायची आणि मी मनातल्या मनात मराठीत जावक करायचो.

एक दिवस तिनं सांगितलं ‘बुएना मानो’. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक. त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, फार ताणायचं नाही, त्यानं दिलेली नोट बाकीच्या मालावरून फिरवायची, म्हणजे दिवस बरा जातो. मी खुर्चीत ताठ बसलो. अहो, ही तर आपली भवानी! समुद्रापलीकडे खारवलेल्या मासळीवर नोट फिरवणारी म्हातारी आणि तुळशीबागेत ती कपाळाला लावणारा बांगडीवाला एकाच शाळेत शिकले म्हणायचे.

आणि एक शब्द होता ‘सुकी’. आपल्या बटाट्याच्या सुक्या भाजीशी त्याचा काही संबंध नाही. नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे सुकी, आणि त्या गिऱ्हाइकाचा नेहमीचा दुकानदार, तोही सुकीच. दोघांना शब्द एक. याला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला सांगता येईना. शेवटी म्हणाली, “सुकी टेक केअर, आजोबा सर. बोथ साइड.”

एवढ्या शिदोरीवर मी स्वतःला सेबू बाजारातला जुना व्यापारी समजू लागलो. इथून पुढची हकिगत चहाचा कप खाली ठेवून ऐका.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर घरं नाहीत, नुसते खांब आणि मोकळी जागा. त्याला इथे वॉइड डेक म्हणतात. तिथे एका रविवारी रहिवाशांची विक्री ठरली. घरटी एक टेबल. मुग्धानंही एक मागून घेतलं, नातीची लहानपणची खेळणी, झबली, दुपटी काढून टाकायला. रविवारी सकाळी ती नातीला पोहायला घेऊन निघाली. मुलगा ऑफिसच्या कामासाठी परदेशी. लोर्नाची सुट्टी, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला चर्चमध्ये. दारात चप्पल घालता घालता मुग्धा म्हणाली, “बाबा, बॉम्ब शेल्टरमधला खोका तेवढा खाली नेऊन ठेवा. विकू मात्र काही नका, किमती मी येऊन सांगते. तुम्ही नुसते बसा.”

दचकू नका. इथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची एक खोली असते, युद्ध झालं तर लपायला. युद्ध होईपर्यंत तिच्यात इस्त्रीचं टेबल आणि अडगळ राहते. मी दार उघडलं. समोरच एक खोका. केवढा म्हणता? मी स्वतः त्यात मांडी घालून बसलो असतो. वरची झाकणं नुसती मिटलेली. उघडून पाहिलं तर आत नवे टॉवेल, शांपूच्या बाटल्या, मांसाचे डबे, चॉकलेटं, नवाकोरा तराजू, खिशांचा एप्रन आणि लहान मुलीचे पांढरे बूट. सगळं न वापरलेलं.

आता कुणाही शहाण्या माणसाच्या मनात आलं असतं की ही अडगळ नव्हे. पण माझ्या मनात सूनबाईंविषयी एक फाइल आधीपासून उघडलेली होती. रोज दाराशी पार्सल येतं, रोज एक पुठ्ठा फाडला जातो, निम्म्या वस्तू नंतर कुणाला आठवतही नाहीत. ते डबे बघून मी एवढंच म्हणालो, घ्या! मासे-मटण न खाणाऱ्या घरात मांसाचे डबेसुद्धा मागवून झाले. पुरावा हाती आल्याच्या आनंदात माणूस पुरावा कुणाचा आहे ते बघत नाही.

ट्रॉलीवर घालून खोका खाली आणला, एका खांबाला टेकवला, माल मांडला. मांडल्यावर नुसतं बसायचं? नुसतं बसून राहणं मी नोकरीतसुद्धा केलं नाही. (आमच्या कचेरीतले काही लोक याबद्दल वेगळं सांगतील. त्यांचं ऐकू नका.)

सगळ्यात आधी आली एक चायनीज आंटी, शेजारच्या इमारतीतली. तिनं बूट उलटेपालटे केले, मी सांगितली ती किंमत मुकाट दिली आणि गेली. मी नोट कपाळाला लावली. मग आठवण झाली म्हणून मालावरूनही फिरवली.

तेवढ्यात लिफ्टमधून एक फिलिपिनो बाई उतरली. नवव्या मजल्यावर कामाला असते, येता-जाता पाहिलेली. नाव जोसी, हे नंतर कळलं. मी संधी सोडली नाही. “पालित ना मो! बालिग्या! बरातो!” म्हणून हाक दिली.

ती जागच्या जागी थांबली. टेबलाकडे बघितलं, तराजूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. डोळे एवढाले. मला वाटलं, माझे उच्चार!

“सर,” ती हळूच म्हणाली, “धिस वन… बालिग्या?”

“बालिग्या. ऑल.”

“लोर्ना नोज?”

मला भरून आलं. म्हटलं, “ऑफ कोर्स! लोर्ना टीच मी एव्हरीथिंग.”

ती खांबाआड जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलली, बराच वेळ, खालच्या आवाजात. परत आली ती हसत. तराजू उचलला आणि म्हणाली, “बुएना मानो, सर.”

खरं म्हणजे भवानी आंटीनं केली होती. पण सेबूच्या बाईनं सेबूच्या शब्दात मागितलेली भवानी नाकारायची? मी तराजू दोन डॉलरला दिला.

मग काय विचारता. आणखी चौघी आल्या. कुठून आल्या देव जाणे. प्रत्येकीनं आधी बुएना मानो म्हणायचं, मग हांग्यो सुरू करायचं, आणि मी द्यायचं. एकाच सकाळी पाच भवान्या होऊ शकतात का, असा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पण मीच त्याला मंजुरी दिली, की प्रत्येक गिऱ्हाइकाची भवानी वेगळी धरावी. एका म्हाताऱ्या अंकलनं टॉवेलला हात लावला तर एकीनं तो चक्क त्यांच्या हातातून काढून घेतला. मी मनात म्हटलं, मालाला उठाव असावा तर असा! एप्रन, शांपू, डबे, चॉकलेटं, बघता बघता टेबल साफ. माल संपला तेव्हा पाचही जणींनी मला वाकून “थँक यू, सर” म्हटलं. त्यातली एक तर चक्क हसू दाबत होती. मला वाटलं, आदरानं.

मुग्धा आली तेव्हा मी हाताची घडी घालून, रिकाम्या टेबलामागे, विजयी मुद्रेनं उभा होतो.

“बाबा, खेळणी कुठायत?”

“खेळणी नव्हतीच. बाकी सगळं खपलं.”

“बाकी सगळं म्हणजे?”

मी तराजूपासून सुरुवात केली. बुटांपर्यंत येईतो तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. तिनं रिकामा खोका खांबापासून ओढून फिरवला. मागच्या बाजूला, हातभर अक्षरांत, लोर्नाच्या आईचं नाव आणि सेबूचा पत्ता लिहिलेला होता.

मंडळी, पाकिटावरचं नाव वाचल्याशिवाय मी उभ्या नोकरीत टपाल फोडलेलं नाही.

मुग्धा खाली बसली आणि तिनं सांगितलं. हे लोक असा एक खोका महिनोन् महिने भरतात. पगार झाला की एखादी वस्तू, कुठे सेल लागला की एखादी. भरला की तो बोटीनं घरी जातो. उद्या सकाळी कंपनीचा माणूस हा खोका न्यायला येणार होता. तो चुकला तर नाताळ चुकला. आईनं बाजारात पहिल्यांदा स्वतःचा गाळा घेतला होता, तराजू आणि एप्रन त्यासाठी. बूट मुलीचे, नाताळात घालायचे. आणि आपली खेळणी इस्त्रीच्या टेबलामागच्या खोक्यात होती.

मी स्टुलावर बसलो. मुग्धानं लोर्नाला फोन लावला, तिनं उचलला नाही. नवव्या मजल्यावर जाऊन आली, जोसी सुट्टीवर. दुपारभर मी दाराकडे बघत बसलो. वरिष्ठांची चौकशी सोसलेली आहे मी, पण त्या दाराइतकं मला कुणी घाबरवलं नव्हतं.

संध्याकाळी दार उघडलं. पुढे लोर्ना, मागे त्या पाचजणी, प्रत्येकीच्या हातात पिशव्या.

मी उभा राहून म्हणालो, “लोर्ना, आय ॲम सॉरी.” यापुढचं इंग्रजी मला येत होतं, पण सापडेना.

ती खाली बसली आणि एकेक वस्तू खोक्यात परत लावू लागली. उलगडा जोसीनं केला. तिनं खांबाआडून लोर्नालाच फोन केला होता. लोर्ना चर्चच्या पायरीवर उभी. तिनं सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत काही बोलू नका. सगळं विकत घ्या, पैसे मी देईन. नुसतं बुएना मानो म्हणा, तो देतो.

म्हणजे माझ्या भाषाप्रभुत्वाचा एवढा एकच व्यावहारिक उपयोग झाला होता. मी गंडवला गेलो होतो, आणि तेही माझ्याच भल्यासाठी.

“पण सांगितलं का नाहीस मला?” मी विचारलं.

लोर्ना टॉवेलची घडी घालत म्हणाली, “यू आर माय सुकी, आजोबा सर.” आणि मग, मान वर न करता, “बट फाइव्ह बुएना मानो! माय मदर नेव्हर गिव्ह यू जॉब.”

गल्ला मी तिथल्या तिथे परत केला. खोका भरत आला आणि एका कोपऱ्यात जागा रिकामी राहिली. बूट. ते आंटीकडे.

मी तसाच उतरलो. आंटी शेजारच्या इमारतीखाली कॉफीच्या टेबलावर नवऱ्याबरोबर बसली होती, बूट पिशवीत मांडीवर. मी सगळी कहाणी सांगितली. ती शांतपणे म्हणाली, “सोल्ड ऑलरेडी, लाह.” मी तिचे पैसे पुढे केले. नको. दुप्पट म्हटलं. नको. मी हांग्यो केलं, हसत आणि अजिजीनं, अगदी शिकवल्यासारखं. तेही नको. तेवढ्यात तिच्या नवऱ्याची नजर माझ्या पायांकडे गेली. सिंगापूरला येताना लक्ष्मी रोडवर घेतलेली नवी कातडी चप्पल. त्यानं एक पाय घालून पाहिला. मग दुसरा. उठून दोन पावलं चालला आणि बायकोकडे बघून मान हलवली.

“शू फॉर शू,” आंटी म्हणाली. “फेअर, वॉट.”

मी पांढरे बूट छातीशी धरून अनवाणी घरी आलो. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी “गुड इव्हनिंग” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोका गेला आणि नाताळाच्या आधी पोचला. पोचला त्या दिवशी लोर्नानं फोन माझ्यापुढे धरला. पलीकडे बाजार, नवा गाळा, एप्रन घातलेली म्हातारी आणि तो तराजू. शेजारी तिची नात, पायात पांढरे बूट. लोर्नानं माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. म्हातारीनं मला नीट न्याहाळलं, आणि एक शब्द उच्चारला. एकच. लहानसा. तो ऐकून शेजारच्या गाळ्यावरच्या बाया हसल्या, त्यांच्या पलीकडच्या हसल्या आणि लोर्ना तर फोन टेबलावर ठेवून स्वयंपाकघरातच पळाली.

तिंदेरा, तिंदेरो, बालिग्या, पालित, मला आलेल्या कुठल्याच शब्दाशी तो जुळत नाही. अर्थ विचारला तर लोर्ना सांगत नाही. जोसीला लिफ्टमध्ये गाठलं, ती मजला यायच्या आधीच उतरली. अर्थ समजल्याशिवाय शब्द कागदावर उतरवू नये, ही माझी जुनी शिस्त, म्हणून इथे देत नाही.

सबब, सदर शब्दाचा अर्थ अर्जदारास कळवण्यात यावा, असा रीतसर अर्ज मी लोर्नाकडे दिला आहे. तिनं तो फ्रिजवर चुंबकाखाली लावला आहे. मी आठवण करून दिली की ती चहात आलं जास्त घालते.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.